पुस्तक शोधण्याआधी अभ्यासक्रम शोधा

(संस्थेच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



कार्यवाहांनी मला हा विषय दिला तेव्हा मी त्यांना म्हटले, "साहेब, मी बी.ए. झालेला माणूस, बँकेत क्लार्क. संगणकाच्या परीक्षांवर बोलायला एखादा इंजिनीअर बोलवा." ते म्हणाले, "इंजिनीअर मागे बोलावला होता. तो चांगला बोलला, पण सोमवारपासून नेमके काय करायचे ते मुलांना कळले नाही. तुम्ही तुमच्या भाचीचे काय झाले तेवढे सांगा." म्हणून मी आज उभा आहे. मी काही तज्ज्ञ नाही. या परीक्षेत एकदा स्वतः नापास झालेला आणि एकदा दुसऱ्याला पास होताना पाहिलेला माणूस, एवढीच माझी पात्रता आहे.

प्रथम माझ्या नापास होण्याविषयी सांगतो. २००३ सालची गोष्ट. बी.ए. होऊन दोन वर्षे झाली होती. ठाण्याला एका दुकानात हिशेब लिहायचे काम करीत होतो. संगणकाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पुढे नोकरी नाही, असे जो तो सांगे. कल्याणच्या एका क्लासमध्ये नाव घातले. एका संगणकामागे आम्ही चौघे. ज्याचा हात कळफलकावर त्याचेच शिक्षण, बाकीचे तिघे प्रेक्षक. पुस्तक म्हणून झेरॉक्सचा एक गठ्ठा मिळाला, त्याची निम्मी पाने पुसट. मग कोणीतरी सांगितले म्हणून माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जाऊन जुनी पुस्तके आणली. त्यात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' होते. कल्याणहून ठाण्याला जाताना जलद लोकलमध्ये मी ते वाचीत असे. पारसिकचा बोगदा आला आणि डब्यातला दिवा नसला की पुस्तक मिटायचे, बाहेर आलो की पुन्हा उघडायचे.

पुस्तक चांगलेच होते. मी वाईट विद्यार्थी होतो असेही मला वाटत नाही. पण बी.ए.ला इतिहासाच्या नोट्स पाठ केल्या त्याच पद्धतीने मी सी भाषेच्या आज्ञावल्या पाठ केल्या. परीक्षेत त्यांनी आज्ञावली छापून दिली आणि खाली विचारले, हिचे उत्तर काय येईल? मला ती आज्ञावली तोंडपाठ येत होती, फक्त त्यांनी मधली एक ओळ बदलली होती. मी जुनेच उत्तर लिहून आलो. दोन वेळा नापास झालो. तिसऱ्या वेळी फॉर्मच भरला नाही. पुढे बँकेच्या भरतीत लागलो, संसार झाला, आणि तो गठ्ठा माळ्यावर गेला. परंतु "आपल्याला ते जमण्यासारखे नव्हते" असा एक ग्रह मनात बसला तो बसलाच. हा ग्रह चुकीचा होता हे कळायला मला जवळजवळ वीस वर्षे लागली. ती कशी गेली हे सांगण्यासाठीच आजचे भाषण आहे.

२०२२ साली कल्याण पूर्वेला राहणारी माझी बहीण एका रविवारी घरी आली. तिच्या कानात कुड्या नव्हत्या. विचारले तर म्हणाली, "दादा, पोरीला ओ लेव्हलची परीक्षा द्यायची आहे. क्लासची फी भरायची म्हणून गहाण ठेवायला काढल्यात." भाची बारावीनंतर बी.कॉम. करीत होती. तिने ओळखीच्या एका मुलाकडून अर्ध्या किमतीत परीक्षेचे गाइडही घेतले होते. तिने ते माझ्यासमोर ठेवले. त्यावर सी भाषेचे नाव वाचून मला जुना मित्र भेटल्यासारखे झाले. मी म्हटले, "हे तर मी केले आहे, मी शिकवतो." पण मला फी भरायच्या आधी कागद वाचायची बँकेतली सवय. मी तिला म्हटले, "परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतः काय लिहिले आहे ते आधी दाखव."

ही परीक्षा केंद्र शासनाची 'नायलिट' ही संस्था घेते. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ती 'डोएक' या नावाने आठवत असेल. २०११ साली तिचे नाव बदलले. ओ लेव्हल ही तिची पायाभूत परीक्षा. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रात होते. लेखीबरोबर प्रात्यक्षिकही असते. नायलिटच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचा मूळ कागद आम्ही उघडला आणि दोघेही गप्प बसलो. जुना अभ्यासक्रम आर-४ या क्रमांकाचा होता, त्यात तिसरा पेपर सी भाषेचा होता. २०२० पासून आर-५ लागू झाला आणि त्यात तिसरा पेपर पायथन भाषेचा झाला. त्यानंतर आर-५.१ अशी सुधारणाही आली. भाचीने घेतलेले गाइड आर-४ चे होते. ज्या मुलाने विकले त्यालाही ते ठाऊक नसावे. त्याच कागदांतून दुसरी गोष्टही कळली. ही परीक्षा क्लासमार्फत देता येते तशी थेट उमेदवार म्हणूनही देता येते. म्हणजे क्लासची फी हा परीक्षेचा भाग नव्हता. बहिणीने कुड्या पुन्हा कानात घातल्या.

मित्रहो, मी क्लासच्या विरोधात नाही. ज्याला शिस्त लागते, ज्याच्या घरी जागा नाही, त्याने चांगला क्लास जरूर लावावा. पण कोणता अभ्यासक्रम, कोणती आवृत्ती, हे क्लासवाल्याला विचारायच्या आधी आपल्याला ठाऊक असले पाहिजे. ही काही संगणकाच्याच परीक्षांची गोष्ट नाही. आमच्या बँकवाल्यांच्या जेएआयआयबी परीक्षेचाही अभ्यासक्रम २०२३ साली बदलला, तीनाचे चार पेपर झाले. त्या वर्षी जुनी पुस्तके हातात घेऊन बसलेले माझे काही सहकारी मी पाहिले आहेत. बँकेत काम करूनही ही गत, तर अठरा वर्षांच्या मुलीचे काय घेऊन बसलात!

आता साहित्य कसे जमविले ते सांगतो. आम्ही एक दोनशेपानी वही घेतली आणि तिची खतावणी केली. डाव्या बाजूला अभ्यासक्रमातील प्रत्येक घटक, उजव्या बाजूला तो कोठे मिळेल त्याची नोंद. पायथनच्या पेपरात नऊ घटक होते: आज्ञावली म्हणजे काय, रीत आणि प्रवाह-आकृती, पायथनची ओळख, गणिती व तार्किक चिन्हे, याद्या व मजकुराचे प्रकार, फंक्शन, फाइल हाताळणी, मॉड्यूल आणि शेवटी 'नमपाय' हा गणिताचा संच. उजवी बाजू सुरुवातीला कोरी होती. पंधरा दिवसांत ती भरली, आणि ती भरायला जवळजवळ काहीच खर्च आला नाही.

कारण पहिला मोठा आधार निघाला तो एनसीईआरटीच्या शालेय पुस्तकांचा. अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्राची त्यांची नवी पुस्तके २०१९-२० पासून पायथनवरच आहेत, आणि ती संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. अटी, फेरे, फंक्शन, याद्या हे सगळे अकरावीच्या पुस्तकात मिळाले. फाइल हाताळणी बारावीच्या पुस्तकात मिळाली. 'नमपाय' मात्र दोन्हीत नव्हते. ते एनसीईआरटीच्याच 'इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस' या अकरावीच्या वेगळ्या पुस्तकात सापडले. खतावणी केली नसती तर हा घटक रिकामा राहिला आहे हे परीक्षेच्या खोलीतच कळले असते. ही पुस्तके इंग्रजीत असली तरी शाळकरी मुलांसाठी लिहिलेली आहेत. इंग्रजी सोपे, उदाहरणे आपल्याकडची, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय. महागडी गाइडे चाळण्यापूर्वी ही चाळावीत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरा आधार म्हणजे त्या भाषेचे स्वतःचे कागदपत्र. पायथन भाषा बनविणाऱ्यांनीच तिचा पहिला पाठ आणि संपूर्ण संदर्भ मोफत ठेवला आहे. सुरुवातीला तो जड जातो. पण दोन पुस्तकांत दोन निरनिराळी विधाने दिसली की निवाडा तेथेच करावा. आमच्याकडे शंका आली की मूळ परिपत्रक काढतात, तसेच हे.

तिसरा आधार कानाचा. आपल्या शेजारी पवईला आयआयटी मुंबई आहे. तेथील प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प आहे. त्याचे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत, आणि लिनक्स, सी भाषा यांसारख्या विषयांचे पाठ मराठी आवाजातही आहेत. एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः तेच टंकायचे, अशी त्यांची रीत आहे. माझ्या भाचीचा पेपर पायथनचा होता, तरी 'अट' आणि 'फेरा' या दोन कल्पना तिला सी भाषेच्या मराठी पाठांतून नीट उमगल्या. भाषा बदलली तरी फेरा तोच असतो. ज्यांना याहून खोल जायचे असेल त्यांच्यासाठी आयआयटी व इतर संस्थांच्या प्राध्यापकांचे एनपीटेलचे पाठ्यक्रम आहेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनचा आठ आठवड्यांचा पाठ्यक्रम त्यातच आहे. पाहणे आणि गृहपाठ करणे मोफत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरायचे.

येथे इंग्रजीचा प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. एमएस-सीआयटीचे पुस्तक आपल्याला मराठीत मिळते. पण आज्ञावली लिहिण्याच्या परीक्षांचे साहित्य बहुतांशी इंग्रजीतच आहे. नागपूरच्या कानेटकरांनी लिहिले ते इंग्रजीत. अच्युत गोडबोले यांनी मराठीत इतके लिहिले, पण त्यांची संगणकाची पाठ्यपुस्तके इंग्रजीतच आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्या पानावरच धडकी भरते. माझा अनुभव असा की या पुस्तकांतील खरे अडविणारे शब्द फार नसतात. आम्ही वहीच्या मागच्या बाजूला ते लिहीत गेलो, प्रत्येकापुढे मराठीत एका ओळीचा अर्थ. परीक्षेपर्यंत त्यांची संख्या दोनशेच्या आत राहिली. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. दोनशे शब्दांची भीती वाटून दोन वर्षे घरी बसू नये.

जुनी पुस्तके घेताना ओळखायच्या दोन-तीन खुणा सांगतो, त्या लिहून घ्या. पायथनचे पुस्तक उघडा आणि 'प्रिंट' हा शब्द शोधा. त्याच्यापुढे कंस नसेल तर ते पुस्तक पायथन-२ चे आहे. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली, परीक्षेत आता पायथन-३ असते. सी भाषेच्या पुस्तकात प्रत्येक आज्ञावलीच्या डोक्यावर 'कोनिओ' आणि 'व्हॉइड मेन' दिसले तर ते जुन्या टर्बो सी च्या निळ्या पडद्याच्या काळातील आहे. आजच्या संगणकावर त्यातील बऱ्याच आज्ञावल्या जशाच्या तशा चालणार नाहीत. जावाच्या पुस्तकावर 'सन' कंपनीच्या परीक्षेचे नाव असेल तर ते २०१० च्या आधीच्या परीक्षेचे समजा. त्या वर्षी ओरॅकलने सन घेतली आणि पुढे परीक्षांची नावेही बदलली. त्यात 'लॅम्डा' हे प्रकरण नसणार, कारण ते जावात २०१४ साली आले. अशी पुस्तके फुकट मिळाली तर पाया समजण्यासाठी ठेवा, पण परीक्षेसाठी पैसे देऊन घेऊ नका.

ओरॅकल किंवा पायथन इन्स्टिट्यूट यांच्या परीक्षा देऊ इच्छिणारी मुलेही येथे बसली आहेत. त्यांनाही हाच नियम. प्रत्येक परीक्षेला क्रमांक असतो. ओरॅकलच्या जावा-१७ च्या परीक्षेचा १झेड०-८२९, जावा-२१ चा १झेड०-८३०. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा क्रमांक आणि तुमच्या परीक्षेचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. पायथन इन्स्टिट्यूटच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी तर त्यांचाच पाठ्यक्रम मोफत उपलब्ध आहे. शुल्क परकीय चलनावर ठरते, ते लहान नसते. म्हणून घाईने तारीख घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. साहित्य जमविणे म्हणजे अभ्यास नव्हे. माझ्या भाचीच्या मोबाईलमध्ये पुस्तके भरली, पण तिची पहिली आज्ञावली चालली नाही. वहीत बिनचूक, संगणकावर चूक. अर्धा तास आम्ही दोघे पडद्याकडे बघत होतो. शेवटी सापडले की एक ओळ जेथून सुरू व्हायला हवी त्याच्या एक जागा अलीकडे सुरू झाली होती. पायथनमध्ये ओळीपुढच्या रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. रुपयांच्या रकान्यात पैसे लिहिले तर दिवसाचा हिशेब जुळत नाही, तसेच हे. ही गोष्ट पुस्तकात छापलेली असते, पण ती बोटांना कळावी लागते. २००३ साली माझी बोटे कळफलकापर्यंत पोहोचलीच नव्हती. मी नापास झालो तो तेथे.

म्हणून आम्ही बँकेतली एक पद्धत वापरली. आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, त्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही. भाचीने तिच्या दोन मैत्रिणी जमविल्या. एकीने आज्ञावली लिहायची, दुसरीने ती न चालविता कागदावर उत्तर काढायचे, मग तिसरीने संगणकावर चालवून दोन्ही ताडून पाहायचे. उत्तर जुळले नाही की वाद, आणि वादातच खरा अभ्यास. संगणक कोठला, तर आपल्या संस्थेच्या कार्यालयातला. दर रविवारी सकाळी दोन तास तो या मुलींना मिळाला, याबद्दल मी तत्कालीन कार्यकारिणीचे जाहीर आभार मानतो. जुना संगणकही पायथनला पुरतो, आणि पायथन मोफत मिळते.

एका मोहाविषयी बोललेच पाहिजे. परीक्षा जवळ आली की मोबाईलवर "हमखास येणारे प्रश्न" असे संच फिरू लागतात. त्याला 'डंप' म्हणतात. काही खोटे असतात, उत्तरेही चुकीची असतात. काही खरोखर परीक्षेतून चोरलेले असतात, आणि ते वापरल्याचे आढळले तर खासगी कंपन्या प्रमाणपत्र रद्द करू शकतात. मागील वर्षांच्या प्रकाशित प्रश्नपत्रिका सोडविणे निराळे, त्या जरूर सोडवाव्यात. पण चोरलेले प्रश्न पाठ करणे म्हणजे माझी २००३ ची चूक पैसे देऊन पुन्हा करणे. पास झालात तरी कामाच्या पहिल्या आठवड्यात उघडे पडाल.

भाचीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तीन पेपर पहिल्या फेरीत सुटले. पायथनचा राहिला. निकाल लागला त्या रात्री तिने मला फोन करून विचारले, "मामा, मला हे जमण्यासारखे नाही का?" माझेच वाक्य वीस वर्षांनी तिच्या तोंडून ऐकले. मी तिला म्हटले, "खतावणी उघड. कुठल्या घटकात गेले ते बघू." फाइल हाताळणीत गेले होते. तेवढेच चार महिने केले. पुढच्या सत्रात पेपर सुटला. प्रमाणपत्र दाखविल्याबरोबर नोकरी हातात पडली असे मी खोटे सांगणार नाही. सात-आठ ठिकाणी फिरली. शेवटी ठाण्याच्या एका कार्यालयात मुलाखतीत त्यांनी संगणकासमोर बसवून एक फाइल दिली आणि तिच्यातून बेरीज काढायला सांगितली. ते तिला आले, कारण ती त्याच घटकात एकदा नापास झाली होती.

जाता जाता संस्थेकडे एक मागणी. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. आपण किमान एक कपाट आणि एक फलक करूया. फलकावर मुले देतात त्या परीक्षांची नावे, चालू आवृत्तीचा क्रमांक आणि फॉर्मची मुदत, दर सहा महिन्यांनी तपासून लिहिलेली. कपाटात एनसीईआरटीच्या छापील प्रती आणि पास झालेल्या मुलांच्या वह्या. या भागाला ग्रंथालयांची मोठी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. तेथेही आपल्या मुलांनी सभासद व्हावे आणि हव्या त्या पुस्तकांची लेखी मागणी करावी. मागितल्याशिवाय कपाटात पुस्तक येत नाही. फलक तपासून लिहायचे काम मी घ्यायला तयार आहे. भाचीनेही तिची वही कपाटासाठी द्यायचे कबूल केले आहे, फक्त मागच्या बाजूच्या दोनशे शब्दांची झेरॉक्स तिला हवी आहे.

वेळ बराच झाला. बक्षिसांची वाट पाहणाऱ्या मुलांवर अधिक अन्याय करीत नाही. एवढे बोलून माझे दोन शब्द संपवितो. जय भीम.